अँग्री, हंग्री आणि तिसरा शब्द: एका मोडक्या कोड्याची तपासणी

‘इंग्रजी भाषेत जी-आर-वाय या अक्षरांनी संपणारे तीन शब्द आहेत. अँग्री आणि हंग्री हे त्यांतले दोन. तिसरा कोणता? तो सगळे जण रोज वापरतात, आणि तुम्ही लक्ष देऊन ऐकले असेल तर तो मी तुम्हाला आधीच सांगितला आहे.’

प्रश्नमंजूषा घेणारे, इंग्रजी शिकवणारे आणि शब्दखेळांचे शौकीन यांच्याकडे हे कोडे बहुतेक वेळा याच रूपात येते. या रूपात त्याला उत्तर नाही. कोड्याचे उत्तर ज्या शब्दरचनेत दडवले होते ती रचना तोंडातोंडी फिरताना मोडली आणि मागे फक्त प्रश्न उरला. तरीही माणसे शब्दकोश पालथे घालत राहतात, कारण प्रश्न दिसतो अगदी साधा: दोन शब्द दिलेत, तिसरा सांगा.

कोडे १९७५ साली अमेरिकेत पसरले. न्यूयॉर्कमधल्या एका रेडिओ कार्यक्रमातून ते लोकांच्या कानांवर गेले आणि मेरियम-वेबस्टर या कोशकारांकडे त्याच वर्षी त्याबद्दल विचारणा होऊ लागली. नव्वदच्या दशकात ई-मेलवरून त्याची दुसरी लाट आली. यातली एक गोष्ट पुढच्या सगळ्या तपासणीत महत्त्वाची आहे: ते आधी कानांनी पसरले आणि कागदावर नंतर उतरले.

पहिली उत्तरे आणि त्यांतली चूक

ऐकणारा आधी कानाच्या भरवशावर जातो. शेवटी ‘ग्री’ ऐकू येणारे शब्द तो आठवतो आणि ॲग्री, डिग्री अशी उत्तरे देतो. पण या दोन्ही शब्दांच्या शेवटी जी-आर-ई-ई आहे. देवनागरीत लिहिले की डिग्री आणि हंग्री यांचे शेपूट तंतोतंत एक होते, म्हणून मराठी वाचकाला ही चूक चटकन दिसतही नाही. एकाच उच्चाराची अनेक स्पेलिंगे हा इंग्रजीचा स्वभावच आहे, आणि हे कोडे त्या स्वभावावर स्वार होऊन फिरते.

दुसरे नेहमीचे उत्तर एनर्जी. इथे अक्षरे तीच आहेत, क्रम वेगळा: आर-जी-वाय. कागदावर लिहून पाहिले की ते बाद होते, मनातल्या मनात मात्र सहज खपून जाते. म्हणून पहिला नियम असा की या कोड्यावर आलेले प्रत्येक उत्तर एकेक अक्षर सुटे करून लिहायला लावावे.

यानंतर शब्दकोश येतो. नेहमीचा शब्दकोश इथे कामाचा नाही, कारण तो पहिल्या अक्षराप्रमाणे लावलेला असतो आणि आपल्याला शेवट माहीत आहे. संगणकाच्या आधी कोशकारांनी यावर उपाय केला होता. मेरियम-वेबस्टरच्या कार्यालयात शब्द उलटे टंकून लावलेली कार्डे होती, सुमारे ३,१५,०००. त्यात हंग्री हा शब्द वाय-आर-जी-एन-यू-एच असा, आणि अँग्री वाय-आर-जी-एन-ए असा. म्हणजे दोघे शेजारी शेजारी. आता हेच काम संगणकावर काही क्षणांत होते. तारांकन चालणाऱ्या ऑनलाइन कोशाच्या शोधपट्टीत आधी तारांकन (म्हणजे ‘कोणतीही अक्षरे’) आणि मग जी-आर-वाय टाकावे. शब्दांची साधी यादी हाताशी असेल तर मजकुरात शोध घेणाऱ्या ग्रेप या संगणकीय आज्ञेत जी-आर-वाय लिहून शेवटी डॉलरचे चिन्ह द्यावे; ते चिन्ह म्हणजे ‘ओळ इथेच संपली पाहिजे’ अशी अट. ते विसरले तर मधे जी-आर-वाय असलेले शब्दही यादीत घुसतात.

शोधाचे फळ काय? वापरातले दोनच: अँग्री आणि हंग्री (अलीकडे रुळलेल्या हँग्रीकडे पुढे येऊ). बाकी सारा जुना माल. ‘ॲग्री’ हे पश्चिम आफ्रिकेत सापडणाऱ्या जुन्या काचेच्या मण्यांचे नाव. उच्चारात ते संमती देणाऱ्या ॲग्रीजवळ जाते, पण स्पेलिंग ए-जी-जी-आर-वाय. ‘पगरी’ हा आपल्या पगडीचाच भाऊबंद: ब्रिटिश अधिकारी उन्हाच्या टोपीभोवती जो कपडा गुंडाळत त्याचे इंग्रजी नाव, चार-पाच तऱ्हांनी लिहिले जाई आणि त्यांतली एक तऱ्हा जी-आर-वायने संपते. ‘इग्री’ हा पहिल्या महायुद्धात इजिप्तमध्ये असलेल्या सैनिकांनी तिथल्या अरबीतून उचललेला शब्द, अर्थ ‘चल, लवकर’. ‘मीग्री’ म्हणजे खंगलेला दिसणारा, आज मृत. आणि नुसता ‘ग्राय’ हाही शब्द आहे! तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी सतराव्या शतकात दशमान मोजमाप सुचवले होते: फुटाचा दहावा भाग इंच, इंचाचा दहावा भाग लाइन, लाइनचा दहावा भाग ग्राय. म्हणजे एका फुटात १,००० ग्राय.

शब्दप्रेमी इथेच अडकतो, आणि अडकण्यात गोडी आहे हे मान्य. पण कोड्याची अट पुन्हा वाचा: तिसरा शब्द सगळे जण रोज वापरतात. वरच्या यादीतला एकही त्या अटीत बसत नाही. शोध पूर्ण झाला, उत्तर मिळाले नाही, म्हणजे शोधाची जागा चुकली. शब्दकोशाने आपले काम चोख केले आहे. पुढची तपासणी प्रश्नाची करायला हवी.

शेपटाला दोनच शब्द का

हा मुद्दा कोड्याच्या बाहेरचा वाटेल, पण ‘असेल कुठेतरी तिसरा’ ही आशा सोडायला त्याचीच मदत होते.

जी-आर-वाय हा प्रत्यय नाही. शब्द घडवणारा प्रत्यय फक्त शेवटचा वाय. अँगर या नामाला वाय लागला, मधला ई गळला आणि अँग्री झाला. हंगर आणि हंग्री यांचे नातेही तेच, मात्र ते फार जुने. प्राचीन इंग्रजीत ‘हुंग्रिग’ असे रूप होते, ई तेव्हाच गायब. विंटरपासून विंट्री झाला तोही याच वाटेने. म्हणजे तिसरा शब्द जन्मायला जी-ई-आरने संपणारे नाम हवे, त्याला वाय लागायला हवा आणि ई गळायला हवा.

अशी नामे बरीच आहेत, पण बहुतेकांत जीचा उच्चार ‘ज’ आहे: डेंजर, स्ट्रेंजर, पॅसेंजर, जिंजर. जिंजरला वाय लावला तर ई टिकतो, जिंजरी. तो काढला तर जी थेट आरला भिडेल आणि वाचणारा ‘ग्र’ म्हणेल. ‘ज’ टिकवायला ई तिथे बसलेला असावाच लागतो. उरली ‘ग’ उच्चाराची मोजकी नामे. फिंगरला असे विशेषण रोजच्या वापरात नाही, टायगरचे टायगरिश होते, ईगर मुळातच विशेषण आहे. दार इतके अरुंद, की दोन शब्द आत आले आणि बाकीचे बाहेर राहिले.

धड अवस्थेतले कोडे

आता मूळ युक्ती. तिच्या धड रूपात शब्दक्रम साधारण असा असतो: ‘थिंक ऑफ वर्ड्स एंडिंग इन जी-आर-वाय. अँग्री अँड हंग्री आर टू ऑफ देम. देअर आर ओन्ली थ्री वर्ड्स इन द इंग्लिश लँग्वेज. व्हॉट इज द थर्ड वर्ड?’ पुढे तीच पुस्ती: हा शब्द सगळे रोज वापरतात, आणि लक्ष दिले असेल तर मी तो सांगून झालो आहे.

तिसऱ्या वाक्यात जी-आर-वायचा उल्लेखच नाही. ते सांगते की ‘द इंग्लिश लँग्वेज’ यात तीनच शब्द आहेत. मोजा: द, इंग्लिश, लँग्वेज. तिसरा शब्द लँग्वेज. भाषा सगळेच रोज वापरतात, आणि तो शब्द सांगणाऱ्याने खरोखर उच्चारलेला आहे. पहिली दोन वाक्ये निव्वळ हुलकावणी.

युक्तीचे मर्म हे की शब्द दोन प्रकारे कामाला लावता येतो. एकदा त्याच्यातून वस्तूकडे पाहायचे, एकदा त्या शब्दाकडेच पाहायचे. ‘इंग्रजी भाषेत तीन शब्द आहेत’ हे भाषेबद्दलचे विधान म्हणून हास्यास्पद आहे. त्या तीन शब्दांच्या तुकड्याबद्दलचे विधान म्हणून बिनचूक आहे. लिहिताना हा फरक अवतरणचिन्ह दाखवते. बोलताना अवतरणचिन्ह ऐकू येत नाही, आणि कोडे त्याच पोकळीत उभे असते.

याचा परिणाम असा की हे कोडे फक्त तोंडी चालते. लिहून दिले आणि अवतरणचिन्हे घातली, तर उत्तर उघडे पडते. न घातली, तर तिसरे वाक्य चक्क खोटे ठरते आणि सोडवणारा रास्तपणे तक्रार करतो.

नेमके कुठे मोडते

माणूस ऐकलेल्या गोष्टीचा आशय लक्षात ठेवतो, शब्दक्रम नाही. धड रूपातले पहिले वाक्य आणि तिसरे वाक्य सुटी आहेत. ऐकणाऱ्याच्या डोक्यात ती लगेच एक होतात, कारण हुलकावणीचा हेतूच तो होता. मग ऐकणारा पुढच्याला सांगतो तेव्हा ते जोडलेलेच वाक्य सांगतो: ‘जी-आर-वायने संपणारे तीन शब्द इंग्रजी भाषेत आहेत.’ सापळ्यात सापडलेल्याने सापळ्याचे वर्णन केले, आणि वर्णन करताना कळ काढून टाकली. आता लँग्वेज हे उत्तर बसत नाही, कारण अट ‘जी-आर-वायने संपणारे’ अशी झाली.

मोडण्याची ही जागा जवळजवळ ठरलेली आहे. तिच्या आजूबाजूला आणखी दोन लहान तुटी आढळतात. एक, ‘ओन्ली’ हा शब्द गळतो. तो गेला तरी युक्ती तगते, पण विधान सैल होते. दोन, शेवटी ‘तिसरा शब्द’ याऐवजी ‘दुसरा एखादा शब्द’ असा प्रश्न येतो. मग मोजणीच संपली, कारण लँग्वेज हा तुकड्यातला तिसरा आहे या क्रमावरच उत्तर टिकून होते.

गंमत अशी की पुस्ती मात्र शाबूत राहते. ‘रोज वापरता’ आणि ‘मी आधीच सांगितला’ ही दोन वाक्ये आकर्षक आहेत, म्हणून ती कोणी विसरत नाही. मोडक्या कोड्यात तीच सर्वांत जास्त त्रास देतात: ज्या प्रश्नाला उत्तर नाही त्याच्याबद्दल ती खात्री देतात की उत्तर आहे आणि अगदी समोर आहे.

दुसरे रूप, आणि ते सरस का

याच कोड्याचे आणखी एक रूप फिरते. त्यात अक्षरे तीन नसून दोन आहेत: ‘जी ऑर वाय’, म्हणजे जी किंवा वाय. घाईने बोलताना ‘ऑर’ आखडतो आणि ऐकणारा तो ‘आर’ असा घेतो. मग शब्दक्रम असा चालतो की जी किंवा वायने संपणारे किमान तीन शब्द आहेत, एक हंग्री, दुसरा अँग्री. आणि पुढे: ‘देअर इज अ थर्ड वर्ड, अ शॉर्ट वन, विच यू प्रॉबबली से एव्हरी डे. इफ यू आर लिसनिंग केअरफुली टू एव्हरीथिंग आय से, यू जस्ट हर्ड मी से इट थ्री टाइम्स.’

उत्तर: ‘से’, एस-ए-वाय. तो वायने संपतो, लहान आहे, रोज उच्चारला जातो, आणि वरच्या मजकुरात नेमका तीन वेळा आला आहे: ‘प्रॉबबली से’, ‘आय से’, ‘मी से’. प्रत्येक अट खरी ठरते. लँग्वेजच्या रूपात अँग्री आणि हंग्री यांचा उत्तराशी काडीचा संबंध नाही. इथे तेही वायने संपतात, म्हणून उदाहरणे म्हणून खरी आहेत. आमच्या मते कोडे म्हणून हेच रूप उजवे. चांगल्या शब्दकोड्यात उत्तर कळल्यावर मागे वळून पाहिले तर एकही वाक्य फुकट गेलेले नसते. ‘मिनिटात एकदा, मोमेंटमध्ये दोनदा, थाउजंड इयर्समध्ये कधीच नाही’ या जुन्या कोड्यात उत्तर एम हे अक्षर. तिन्ही कलमे स्पेलिंग लिहून तपासा, तिन्ही पक्की आहेत.

पण ‘से’चे रूप मोडायला आणखी नाजूक. सांगणाऱ्याने ‘आय से’ऐवजी ‘आय टेल यू’ म्हटले की मोजणी दोनवर येते. ‘हर्ड मी से इट’चे ‘आय मेन्शन्ड इट’ केले की तीही गेली. कोणी ‘से’ चौथ्यांदा आणला तर तोही घोळ. शिवाय ‘ऑर’ स्पष्ट उच्चारला तर हुलकावणी संपते आणि फार गिळला तर ऐकणारा नंतर म्हणतो, तुम्ही तर आर म्हणालात. हा ‘ऑर’ इतपत ऐकू यायला हवा की ध्वनिमुद्रण लावून दाखवता येईल.

हँग्रीचे काय करायचे

आता बरेच जण ताडकन हँग्री म्हणतात: भुकेने चिडलेला. हंग्री आणि अँग्री यांचा सांधा. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने जानेवारी २०१८मध्ये तो दाखल केला, आणि त्याचा सर्वांत जुना पुरावा १९५६चा दिला आहे, तोही शब्दांच्या खेळांची चर्चा करणाऱ्या एका लेखातला. म्हणजे कोडे पसरण्याच्या जवळजवळ वीस वर्षे आधी शब्द अस्तित्वात होता, फक्त लोकांच्या तोंडी नव्हता.

मोडक्या रूपाला हे उत्तर बऱ्यापैकी बसते: शेपूट जुळते, शब्द वापरात आहे. म्हणून मोडके रूप विचारले असेल तर हँग्रीला गुण द्यावेत. प्रश्नातच दोष असताना उत्तर नाकारणे अन्यायाचे आहे. पण त्याने कोडे दुरुस्त झाले असे समजू नये. ‘मी तो आधीच सांगितला आहे’ ही अट हँग्री पुरी करत नाही.

वापरायचे असेल तर

कोडे हाती आले की आधी ज्याने दिले त्याला ते शब्दशः, इंग्रजीतच पुन्हा म्हणायला सांगावे आणि लिहून घ्यावे. मराठीत भाषांतर करून कोणी विचारत असेल तर तिथेच थांबावे. ‘इंग्रजी भाषा’ या मराठी तुकड्यात दोनच शब्द आहेत, तिसरा येणार कुठून? मग लिहिलेल्या मजकुरात ‘एंड इन जी-आर-वाय’ आणि ‘थ्री वर्ड्स’ एकाच वाक्यात आहेत का ते पाहावे. असतील तर ते मोडके रूप, पुढे तपासू नये. सुटी असतील तर उत्तराची जागा भरून प्रत्येक वाक्य खरे ठरते का ते एकेक करून बघावे.

सत्रात विचारताना कोडे पाठ म्हणू नये, कागदावरून वाचावे, दोनदा, आणि दोन्ही वेळा एकच शब्दक्रम ठेवावा. ‘द इंग्लिश लँग्वेज’वर जोर देऊ नये, त्याच्या आधी थांबू नये. पडद्यावर दाखवू नये. उत्तर सांगताना आधी वाक्य पुन्हा वाचावे आणि मग बोटांवर मोजून दाखवावे. नुसते ‘लँग्वेज’ म्हटले तर समोरच्याला फसवल्यासारखे वाटते आणि वाद सुरू होतो.

लेखी फेरी असेल तर मात्र हे कोडे सोडून द्यावे आणि ज्याचे उत्तर स्पेलिंगमध्येच आहे असे घ्यावे. एकाच अक्षराच्या जोड्या सलग तीन वेळा येतात असा शब्द कोणता? बुककीपर: ओ-ओ, के-के, ई-ई. हा प्रश्न कोणी कसाही फिरवून सांगितला तरी उत्तर हलत नाही.

‘तीनच शब्द’ हा थाट राखायचा असेल तर सी-ई-ई-डी हे शेपूट घ्यावे. सीड असा शेवट ऐकू येणारी कितीतरी क्रियापदे आहेत, प्रिसीड, रिसीड, कन्सीड, आणि बहुतेकांचे स्पेलिंग सी-ई-डी-ई आहे. सुपरसीड एकटा एस-ई-डी-ई. सी-ई-ई-डीने संपणारी तीन: एक्सीड, सक्सीड आणि तिसरे प्रोसीड. इथे उत्तर खरेच शब्दकोशात आहे आणि ते रोजच्या वापरातलेही आहे. फक्त प्रश्नात ‘मूळ क्रियापद’ हे शब्द न विसरता घालावेत. नाहीतर कोणीतरी एमसीड पुढे करील: सूत्रसंचालन करणे या अर्थाच्या एमसी या क्रियापदाचे भूतकाळी रूप. त्याचे स्पेलिंग ई-एम-सी-ई-ई-डी आहे, आणि त्याला चूक म्हणता येणार नाही.